मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याचा फ्लॅट विकायचा का?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय (नवीन वाचकांसाठी: एड म्हणजे कॉलेजच्या खर्चाला मिळणारी मदत, फॅफसा म्हणजे त्यासाठी भरायचा सरकारी फॉर्म, ५२९ म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, ४०१ के म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, कस्टोडियल म्हणजे मुलाच्या नावचं पण पालकांनी सांभाळायचं, आणि आययूएल म्हणजे एक प्रकारची आयुर्विमा पॉलिसी):

"नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ग्रीन कार्ड झालंय. मुलगी अकरावीत आहे, २०२७ च्या फॉलला कॉलेजला जाईल, मुलगा सातवीत. तिला पुढे मेडिकलला जायचंय. लिस्टमधली अर्धी कॉलेजं प्रायव्हेट, वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास. २०२५ मध्ये आमची दोघांची मिळून कमाई १ लाख ९५ हजार होती, पण डिसेंबरमध्ये ह्यांचा जॉब गेला, आता कॉन्ट्रॅक्टवर आहेत, यावर्षी सगळं धरून १ लाख २० हजार झाले तरी खूप. ५२९ मध्ये ४० हजार आहेत, सेव्हिंगला २५, मुलीच्या नावच्या कस्टोडियल अकाउंटमध्ये १८, ह्यांच्या ४०१ के मध्ये २ लाखांच्या वर, आणि बावधनला एक फ्लॅट, कोटीभर किंमत होईल, भाड्याने दिलाय. हे म्हणतात आपल्यासारख्यांना एड बिड काही मिळत नसते, फॅफसा भरायचाच नाही, सगळी माहिती कशाला द्यायची, त्यापेक्षा फ्लॅट विकू नाहीतर ४०१ के काढू पण पोरीला नाही म्हणायचं नाही. एका ओळखीच्यांनी सांगितलं पैसे आययूएल पॉलिसीत टाका म्हणजे कॉलेजला दिसत नाहीत. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
— एक आई"

ताई, आधी फ्लॅटचं बोलते, कारण तिथेच घाई झाली तर सगळ्यात जास्त नुकसान आहे. विकू नका. निदान कॉलेजसाठी म्हणून तरी नको, आणि यावर्षी तर अजिबातच नको.

कारण सांगते. फॅफसामध्ये तुमचं राहतं घर धरत नाहीत, पण दुसरं घर धरतात, मग ते बावधनला असो नाहीतर बोस्टनला. हे आपल्यातल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं इंडियातलं ते इंडियातलं. नाही हो. जगात कुठेही असलेली मालमत्ता, फ्लॅट, प्लॉट, बँकेतल्या एफडी, सगळं सांगायचं असतं, त्यावरचं कर्ज वजा करून. तर तुमचा फ्लॅट साधारण १ लाख १० हजार डॉलरचा धरला तर पालकांच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त ५.६४ टक्के लागतात, म्हणजे वर्षाला ६ हजारांच्या आसपास रक्कम "हे लोक भरू शकतात" म्हणून तुमच्या हिशोबात चढते. हे झालं फ्लॅट नुसता पडून असताना. आता विकला तर काय होतं? विक्रीतला जो नफा, तो त्या वर्षीच्या तुमच्या अमेरिकन टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून येतो, आणि उत्पन्नावर फॅफसाचा फॉर्म्युला वरच्या टप्प्यात ४७ टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय तिकडचा टॅक्स, इकडचा टॅक्स, एनआरआय म्हणून विकताना कापला जाणारा टीडीएस, तो परत मिळवायची धावपळ, आणि एवढं सगळं करून उरलेले पैसे बँकेत आले की तेही पुन्हा मालमत्ताच, म्हणजे ५.६४ आहेच.

आणि वर्षांचं गणित बघा, फॅफसा दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो. २०२७-२८ साठी २०२५ चं रिटर्न, २८-२९ साठी २०२६ चं, असं करत तिच्या शेवटच्या वर्षासाठी २०२८ चं. बरं ती संपली की तुमचा मुलगा २०३१ ला कॉलेजला, त्याच्या पहिल्या फॉर्मला २०२९ चं रिटर्न लागणार. म्हणजे तुमच्या केसमध्ये मधे एकही मोकळं वर्ष नाहीये की चला, या वर्षी विकून टाकू कुणी बघत नाही. त्यामुळे फ्लॅट राहू दे, भाडं येतंय ते येऊ दे (ते भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवताय ना? दाखवत नसाल तर कॉलेजचं राहू दे, आधी सीपीए, म्हणजे टॅक्सवाला अकाउंटंट, गाठा).

४०१ के ला तर हातच लावू नका. ४०१ के मध्ये पडलेले पैसे फॅफसाला दिसतच नाहीत, कितीही असू दे, आणि तुम्ही ते काढले की त्याच क्षणी ते उत्पन्न होतात. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढले तर १० टक्के पेनल्टी वेगळी, कॉलेजसाठी काढले म्हणून ४०१ के मध्ये त्यातून सूट नाही, ती सूट आयआरएला, म्हणजे आपण स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्याला, आहे. ५० हजार काढलेत तर पेनल्टी, फेडरल, स्टेट असं सगळं जाऊन साधारण एक तृतीयांश उडतील, आणि वर दोन वर्षांनी मुलीची एड कमी होईल कारण त्या वर्षी तुम्ही कागदावर श्रीमंत दिसला. तुमच्या मिस्टरांना हे कागदावर मांडून दाखवा, आयटीतला माणूस आहे, आकडे बघितले की ऐकेल.

आता "आपल्याला एड मिळत नसते" याच्याबद्दल. ही आपल्या लोकांची फार आवडती समजूत आहे, आणि ती अर्धी खरी आहे म्हणून जास्त त्रासदायक आहे. खरी एवढ्यापुरती की पेल ग्रँट, म्हणजे गव्हर्मेंट जी फुकट मदत देतं, सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ती तुमच्या कमाईला मिळणार नाही. पण फॅफसा फक्त पेलसाठी नसतो. मुलीच्या स्वतःच्या नावावरचं फेडरल लोन हवं असेल तरी फॅफसा लागतो, आणि त्यातला अनसबसिडाइज्ड भाग (ज्याचं व्याज सुरुवातीपासून आपल्यावरच असतं) मिळायला गरीब असावं लागत नाही. बरीच कॉलेजं स्वतःच्या खिशातली मदत फॅफसा बघूनच देतात. आणि सगळ्यात मोठं, उद्या अजून काही झालं, कॉन्ट्रॅक्टही गेलं, तर फाइलवर फॅफसा असला की पुढचं बोलणं सोपं जातं. तसंही न्यू जर्सीत तुमच्या मुलीच्या बॅचला हायस्कूल पास व्हायला फॅफसा भरावा लागतो, नाहीतर भरत नाही असं लिहून द्यावं लागतं. माहिती कशाला द्यायची म्हणता तर टॅक्सची माहिती त्या फॉर्ममध्ये आयआरएसकडूनच, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडूनच येते, ती गव्हर्मेंटकडे आधीपासून आहे, तुम्हीच दिलीये दरवर्षी एप्रिलमध्ये.

एक गंमत सांगते, तुम्ही जॉइंट रिटर्न भरता ना, मग फॅफसाला दोघांपैकी एकाच पालकाचं अकाउंट आणि कन्सेंट पुरतो. मिस्टर तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुम्ही तुमचं स्टुडंटएड डॉट गव्हचं अकाउंट काढा, मुलगी तिचं काढेल, दोघी बसून भरा. दोन्ही अकाउंट वेगळी, वेगळ्या ईमेलवर, तिच्या सोशल सिक्युरिटीच्या जागी तुमचा नंबर टाकू नका, या एका चुकीने लोकांचे महिनेच्या महिने जातात. फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो.

(हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: फेडरल मदतीला मुलाचं स्टेटस बघतात, तुमचं नाही. मूल इथे जन्मलेलं म्हणजे सिटिझन असेल तर आईवडील एच-१बी वर असले तरी ते पात्र आहे, भरा. मूल स्वतः एच-४ वर असेल तर फेडरल मदत नाही, मग कॉलेजची स्वतःची मदत आणि तुमच्या राज्यात इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, मिळते का एवढंच बघायचं, ते प्रत्येक राज्याचं वेगळं आहे.)

आता मुख्य गाठ. तुमचं २०२५ चं रिटर्न १ लाख ९५ हजारांचं आणि आजची परिस्थिती १ लाख २० हजारांची. फॅफसा २०२५ बघणार. त्यातून तुम्ही वर्षाला किती भरू शकता याचा जो आकडा निघतो त्याला आता एसएआय म्हणतात, आधी ईएफसी म्हणायचे, २०२४-२५ पासून बदललं. मी तुमचे आकडे घेऊन ढोबळ हिशोब केला तर जुन्या कमाईवर तो ५० हजारांच्या वर जातो आणि नव्या कमाईवर ३० हजारांच्या आसपास येतो. म्हणजे पहिल्या एका वर्षातच वीसेक हजारांचा फरक, पुढच्या वर्षाला तर २०२६ चंच रिटर्न लागेल. तर फॉर्ममध्ये २०२५ चेच खरे आकडे जाऊ द्यायचे, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही, आणि मग प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं लिहायचं की जॉब गेलाय, आम्हाला प्रोफेशनल जजमेंट रिव्ह्यू हवाय. हा शब्द असाच वापरा, त्यांच्याकडे त्याची प्रोसेस ठरलेली असते, कायद्याने एड ऑफिसरला तो अधिकार आहे की नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, असं काही असेल तर तो आकडे बदलून पुन्हा हिशोब करू शकतो. लेऑफचं लेटर, शेवटची पे स्टब, अनएम्प्लॉयमेंटचे कागद, आताचं कॉन्ट्रॅक्ट, यावर्षीच्या कमाईचा अंदाज, हे सगळं एका फोल्डरमध्ये आजपासूनच ठेवायला लागा, नंतर शोधत बसाल. पत्र एका पानाचं, रडगाणं नको, फक्त तारखा आणि रकमा. त्या ऑफिसरने नाही म्हटलं तर त्याच्यावर वॉशिंग्टनमध्ये अपील नसतं, म्हणून फोनवर बोलताना नम्रपणे बोला, आपली माणसं कधीकधी कस्टमर केअरशी भांडल्यासारखी भांडतात.

प्रायव्हेट कॉलेजांपैकी बरीच सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्मही मागतात, तो कॉलेज बोर्डाचा असतो. त्यात बहुतेक ठिकाणी राहत्या घराची इक्विटीही विचारतात आणि इंडियातल्या गोष्टी जरा जास्तच खोदून विचारतात. पण त्यात खास परिस्थिती लिहायला जागा असते, जॉबचं तिथे पहिल्याच फटक्यात लिहून टाका.

आययूएलवाल्या ओळखीच्यांबद्दल काय बोलू. हे गृहस्थ प्रत्येक गावात, प्रत्येक गणपतीत असतात, आणि हळूच "फायनान्शियल एज्युकेशन"चं निमंत्रण देतात. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं बोलत नाहीयेत, इन्शुरन्सची कॅश व्हॅल्यू फॅफसात मोजत नाहीत हे खरंय. पण तुमच्याकडे २५ हजार सेव्हिंग आहे. ते पॉलिसीत टाकून तुम्ही एडच्या हिशोबात वर्षाला वाचवणार जास्तीत जास्त चौदाशे डॉलर, तेही कॉलेजने तुमची गरज (म्हणजे खर्चातून तुम्ही भरू शकता ती रक्कम वजा करून जे उरतं ते) पूर्ण भागवली तरच, आणि त्या बदल्यात अशा पॉलिसीत सुरुवातीच्या वर्षांत कमिशन आणि चार्जेस एवढे असतात आणि लवकर बाहेर पडलं तर सरेंडर चार्ज असा बसतो की नेमकं जेव्हा कॉलेजला पैसे हवेत तेव्हा ते अडकलेले असतात. घरात कमावता माणूस कॉन्ट्रॅक्टवर असताना हातातली रोकड कुणी पॉलिसीत कोंबायला सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवा. आणि कुणी फ्लॅट लिहूच नका असं सुचवलं तर त्याहून वाईट, फॅफसात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर २० हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतं.

त्याऐवजी सरळ मार्गाने करता येण्यासारखं एक काम आहे, मुलीच्या नावचे १८ हजार. कॉलेजला जाणाऱ्याच्या स्वतःच्या नावच्या पैशावर फॅफसा २० टक्के धरतो, म्हणजे वर्षाला ३,६०० डॉलर. तेच पैसे तिच्याच नावाच्या कस्टोडियल ५२९ मध्ये हलवले तर ते पालकांच्या मालमत्तेसारखे धरले जातात, मग तेच हजाराच्या आसपास. आधी जे शेअर्स वगैरे असतील ते विकावे लागतील, त्यावर थोडा टॅक्स येईल, तो बघून घ्या. मालमत्ता फॉर्म सही करण्याच्या दिवशी जेवढी असते तेवढी लिहायची असते, त्यामुळे हे ऑक्टोबरच्या आधी उरका. क्रेडिट कार्डावर काही बाकी असेल तर तीही सेव्हिंगमधून त्याच्या आधीच फेडून टाका. पैसे मात्र तिचे आहेत, ते तिच्यासाठीच वापरायचे, मुलाच्या फुटबॉल कॅम्पला नाही.

बरं, हे सगळं झालं फॉर्मचं. पण ताई, पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं तुमचा खरा प्रश्न फॉर्मचा नाहीच आहे. तुमच्या घरात अजून कुणी आकडाच बोललेलं नाहीये. मुलगी लिस्ट बनवतेय, बाबा "नाही म्हणायचं नाही" म्हणतायत, आणि तुम्ही एकट्या रात्री बेरजा करताय. तर आधी आकडा काढा. मी तुमच्या पत्रावरून काढून दाखवते, चुकत असेल तर बदला. ५२९ मधले ४० हजार चार वर्षांत वाटले तर वर्षाला १० हजार. तिचे १८ हजार म्हणजे वर्षाला साडेचार. पगारातून महिन्याला हजार काढता आले तर १२ हजार. तिच्या नावावरचं फेडरल लोन, पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग साडेसात साडेसात, एकूण २७ हजार, म्हणजे सरासरी पावणेसात. आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट वर्षाला अडीच हजार, जे जॉइंट रिटर्नला १ लाख ६० हजारांपर्यंत पूर्ण मिळतं आणि १ लाख ८० ला संपतं, म्हणजे २०२५ च्या कमाईवर तुम्हाला काहीच मिळालं नसतं, आताच्या कमाईवर पूर्ण मिळेल, कमी कमाईचा एवढाच काय तो फायदा. (त्यासाठी वर्षाला फीचे ४ हजार डॉलर ५२९ खात्याच्या बाहेरून भरा, एकाच खर्चावर दोन्ही सवलती घेता येत नाहीत.) झाली बेरीज साधारण ३५ हजार.

३५ हजार वर्षाला. हा तुमचा आकडा. फ्लॅटला, ४०१ के ला हात न लावता, पालकांनी कर्ज न काढता. हा काही लहान आकडा नाहीये, लाजण्यासारखं तर काहीच नाही. एडिसनहून रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या स्टेट युनिव्हर्सिटीला, घरून जाऊन येऊन केलं तर इन-स्टेट ट्युशन आणि फी वीस हजारांच्या आसपास बसते, हॉस्टेल आणि मील प्लॅन धरून चाळीसच्या आतबाहेर. म्हणजे रटगर्स तुमच्या आवाक्यात आहे, थोडी ओढाताण करून हॉस्टेलसकट. ९० हजारवालं कॉलेज ५५ हजारांची फुकट मदत देत असेल तरच आवाक्यात आहे. आणि काही देतातही! म्हणून ९० हजार बघून लिस्टवरून काट मारू नका आणि ९० हजार देऊ म्हणून शब्दही देऊ नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो, त्यात तुमचे आकडे टाका, एकदा २०२५ चे आणि एकदा यावर्षीचे, आणि फ्लॅट विसरू नका. एक रविवार जाईल. त्यातून जे येईल ते लिस्टच्या बाजूला लिहा.

तुम्हाला आश्चर्य वाटेल असे निकाल येतात. प्रिन्स्टन, तुमच्या घरापासून अर्ध्या पाऊण तासावर, २०२५-२६ पासून अडीच लाखांपर्यंत कमाई असलेल्या बहुतेक कुटुंबांना ट्युशन माफ करतं. हार्वर्ड, एमआयटी दोन लाखांपर्यंत, अर्थात बाकी मालमत्ता नेहमीसारखी असली तर. म्हणजे सगळ्यात महाग दिसणारी कॉलेजं तुमच्यासारख्यांना रटगर्सपेक्षा स्वस्त पडू शकतात, प्रश्न एवढाच की तिथे शंभरातल्या चारपाच मुलांना घेतात, त्यामुळे अर्ज करा पण त्यावर घर बांधू नका. खरा धोका मधल्या कॉलेजांचा असतो, नाव चांगलं, किंमत हार्वर्डएवढी, पण गरज पूर्ण भागवायची ऐपत नाही आणि मेरिट, म्हणजे मार्कांवर मिळणारी स्कॉलरशिप, तीही बेताची. तिथेच आपली माणसं अडकतात. कुठलं कॉलेज कसं आहे ते बघायला त्यांचा कॉमन डेटा सेट शोधा, त्यात एच सेक्शनमध्ये लिहिलेलं असतं गरजेच्या किती टक्के भागवतात आणि गरज नसलेल्या मुलांना मेरिट किती देतात. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे) मेरिट स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, मार्क कितीही असू देत. उलट अलाबामासारख्या स्टेट युनिव्हर्सिटीचा मार्क आणि टेस्ट स्कोअरवर ठरणारा मेरिटचा तक्ता उघड टाकलेला असतो, तिथे गेलेली हुशार देसी मुलं भरपूर आहेत आणि पुढे डॉक्टरही झालीयेत.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून घेतलं तर तिथेच जायचं कबूल करण्याचा, मोह होईल, शाळेतले सगळे करतात. तो बांधील असतो. एड पुरली नाही तर सोडता येतं हे खरं, पण मग दहा कॉलेजांची लेटर्स समोर ठेवून तुलना करायची संधी जाते आणि तुम्हाला तीच हवीये. कॅल्क्युलेटरने ३५ च्या आत दाखवलेलं एकच आवडतं कॉलेज असेल तरच करा.

कम्युनिटी कॉलेज (काउंटीचं दोन वर्षांचं कॉलेज) म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स या न्यू जर्सीच्या स्कॉलरशिपमधून काउंटी कॉलेजची ट्युशन माफ होते आणि तिथली असोसिएट डिग्री करून स्टेटच्या चार वर्षांच्या कॉलेजात क्रेडिट्स ट्रान्सफर होतात. तुमच्या मुलीला मी हे पहिला पर्याय म्हणून सांगणार नाही कारण प्री-मेडवाल्यांना सहसा सांगतात की केमिस्ट्री, बायो असले मुख्य विषय चार वर्षांच्या कॉलेजातच करा. पण मुलाच्या वेळी विचार करा, चेहरा न पाडता.

मेडिकलचं मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. १ जुलै २०२६ पासूनचे नियम वेगळे आहेत, पदव्युत्तरसाठी ग्रॅड प्लस नावाचं लोन होतं ज्यात खर्चाएवढं कर्ज मिळायचं, ते नव्या मुलांना बंद. मेडिकल स्कूलला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, बास. बऱ्याच मेडिकल स्कूलचा खर्च त्याच्या वर जातो, म्हणजे वरचं प्रायव्हेट बँकेकडून, कोसायनर म्हणून तुमची सही घेऊन, नाहीतर तुमच्याकडून. त्या वेळी तुमचा फ्लॅट आणि तुमची पत जागेवर असलेली बरी की नाही? पहिल्या चार वर्षांतच सगळं संपवलं तर खरी गरज पडेल तेव्हा हात रिकामे. मेडिकल स्कूल जीपीए (कॉलेजातले मार्क) आणि एमसीएटी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बघतं, कॉलेजच्या नावाचा तिथे पालकांना वाटतो तेवढा भाव नाही.

पालकांच्या नावावरच्या पेरेंट प्लस लोनलाही त्याच तारखेपासून नवीन कर्जदारांना मर्यादा आली, एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५. चांगलंच झालं म्हणेन मी. २०२५-२६ ला त्याचं व्याज ८.९४ टक्के होतं, वर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने ते घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आता मुलीशी बोलायचं. बाबांना वाटतंय आकडा सांगितला की पोरीचं मन मोडेल. सोळा सतरा वर्षांची आहे, बाबांचा जॉब गेलाय हे तिला माहितीये, घरात कुजबूज चालते तेही ऐकू येतं, न बोलल्याने ती जास्तच काहीतरी कल्पना करत असेल. तिघं बसा, आणि सांगा की आम्ही वर्षाला ३५ देऊ शकतो, त्यात तुझं थोडं लोन आहे, कुठेही अर्ज कर, प्रिन्स्टनला कर नाहीतर कॅलिफोर्नियाला कर, पण एप्रिलमध्ये जे कॉलेज ३५ च्या आत येईल त्यातूनच निवडायचं. तेही आता सांगा, ॲडमिशन आल्यावर नाही. कॉलेजचा स्वेटशर्ट घेऊन झाल्यावर नाही म्हणणं फार क्रूर असतं. लिस्टमध्ये अशी दोन तरी कॉलेजं हवीत जिथे ॲडमिशनही नक्की आणि पैशातही नक्की, आणि तिला ती मनापासून आवडलेली हवीत, नुसती भरती नको.

एप्रिलमध्ये लेटर्स येतील तेव्हा एक काळजी घ्या. त्यात "तुमची एकूण मदत ४८ हजार" असं छापलेलं असतं आणि खाली बघावं तर त्यातले २० हजार पेरेंट प्लस आणि साडेपाच मुलीचं लोन. कर्ज म्हणजे मदत नाही. २०२२ मध्ये सरकारच्याच जीएओ या तपासणी संस्थेने तपासलं तर ९१ टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत या लेटर्समध्ये नीट सांगत नाहीत असं निघालं. तुम्ही स्वतः वहीत लिहा, पूर्ण खर्च, म्हणजे ट्युशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, विमानाची तिकिटं, त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा. जे उरेल ते ३५ शी ताडून बघा. आणि विचारा की स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का, टिकवायला जीपीए किती लागतो, कारण प्री-मेडमध्ये पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री भल्याभल्यांना खाली आणते.

उत्तर १ मे पर्यंत द्यायचं असतं. एखादं कॉलेज चारपाच हजारांनी बाहेर जात असेल तर त्याच्या बरोबरीच्या दुसऱ्या कॉलेजचं लेटर दाखवून पुन्हा विचारायला हरकत नाही, बऱ्याच ठिकाणी काहीतरी वाढवून देतात. पण त्याला आठ पंधरा दिवस लागतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच वही उघडा. तेव्हा अडलं तर नावं खोडून लेटर्स मला पाठवा, बघून सांगते.